उद्योगपुरस्कृत विद्यार्थी-स्पर्धा आणि वाडीचे पाणी : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील एखादा प्रश्न निवडावा, त्यावर उपाय योजून तो प्रत्यक्षात आणावा आणि या कामासाठी एखाद्या उद्योगसमूहाने पारितोषिक वा अनुदान द्यावे, अशा स्वरूपाच्या स्पर्धा गेल्या काही दशकांत जगभर रूढ झाल्या आहेत. त्यांतील सर्वांत जुन्या उपक्रमांपैकी एक अमेरिकेत १९७५ मध्ये 'स्टुडंट्स इन फ्री एंटरप्राइज' या नावाने सुरू झाला. २००१ मध्ये लंडन येथे त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि २०१२ पासून तो 'एनॅक्टस' या नावाने ओळखला जातो. फोर्ड या मोटार-उद्योगाच्या निधीतून २००८ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयांसाठी अशीच एक स्पर्धा सुरू झाली. भारतात २०१० मध्ये पर्यावरण शिक्षण केंद्र, केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि आर्सेलर-मित्तल उद्योगसमूह यांच्या सहयोगाने 'पर्यावरण मित्र' हा शालेय कार्यक्रम आखण्यात आला. त्यात पाणी व स्वच्छता, ऊर्जा, जैवविविधता, कचरा व्यवस्थापन आणि संस्कृती व वारसा हे पाच विषय होते. २०११ मध्ये विप्रो कंपनीने 'अर्थियन' ही शाळा-महाविद्यालयांसाठीची शाश्वततेविषयीची पारितोषिक योजना सुरू केली.

या सर्व उपक्रमांची चौकट ढोबळमानाने सारखी असते. प्रथम आवाहन, मग संघाची नोंदणी, प्रस्ताव, निवड, प्रत्यक्ष काम, अहवाल, परीक्षकांपुढे सादरीकरण आणि शेवटी समारंभ. हे सारे एका शैक्षणिक वर्षात बसवावे लागते, कारण पुढील वर्षी संघातील निम्मे विद्यार्थी महाविद्यालयातून बाहेर पडलेले असतात. ही अडचण किरकोळ वाटते. परंतु स्पर्धेच्या यशापयशाचा मोठा भाग या एकाच गोष्टीवर अवलंबून असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील पाण्याचा प्रश्न घेऊन ही बाब स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पावसाचा जिल्हा, टंचाईच्या वाड्या

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो जवळजवळ सर्वच जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत याच जिल्ह्यातील अनेक वाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. सह्याद्रीच्या उतारावरील धनगरवाड्यांना ही झळ सर्वांत आधी लागते. बाहेरच्या माणसाला हा विरोधाभास वाटतो. भूगोलाच्या दृष्टीने मात्र त्यात विरोधाभास काहीच नाही. किनाऱ्यालगतचे सडे जांभ्याचे आहेत. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात झपाट्याने मुरते आणि खालच्या चिकणमातीच्या किंवा कठीण काळ्या खडकाच्या थराला टेकले की उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने तितक्याच झपाट्याने बाहेर पडते. पऱ्ये आणि वहाळ दिवाळीपर्यंत भरून वाहतात, पौषात त्यांची धार बारीक होते आणि शिमग्यापर्यंत बहुतेकांच्या पात्रात नुसते दगड उरतात. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर थोडे आणि उतार तीव्र असल्यामुळे वाहून गेलेले पाणी परत मिळण्याची सोय नाही.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वनराई बंधारा. डॉ. मोहन धारिया यांनी स्थापन केलेल्या 'वनराई' संस्थेच्या नावाने तो ओळखला जातो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती किंवा वाळू भरायची, तोंडे शिवायची, पऱ्याच्या पात्रात त्या विटांसारख्या सांधेमोड करून रचायच्या आणि फटी चिकणमातीने लिंपायच्या, एवढीच त्याची कृती. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारात आणलेला 'कोकण विजय बंधारा' याच जातीचा. त्यात पात्रातलेच दगड रचून त्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरला जातो. रत्नागिरी जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने पावसाळा सरताच गावोगाव असे बंधारे घालण्याची मोहीम घेतली जाते आणि शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी तीत मोठ्या संख्येने उतरतात.

विद्यार्थी-प्रकल्प म्हणून वनराई बंधाऱ्यासारखे काम शोधून सापडणार नाही. खर्च जवळजवळ शून्य; तीस-चाळीस हात असले की एका दिवसात काम उभे राहते; सायंकाळी पाणी अडलेले डोळ्यांना दिसते. छायाचित्रही उत्तम येते. हे शेवटचे वाक्य उपहासाने लिहिलेले नाही. आपल्या श्रमाचे फळ त्याच दिवशी पाहण्याचा आनंद अठरा वर्षांच्या मुलाला पुढच्या कामाकडे नेतो, हे राष्ट्रीय सेवा योजनेचे काम केलेला कोणताही कार्यक्रम अधिकारी सांगेल. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास आणि दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे असते आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर घ्यावयाचे असते. उद्योगपुरस्कृत स्पर्धांना रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात मनुष्यबळ मिळते ते बहुधा याच योजनेच्या पोटातून.

दोन पंचांगे

अडचण येते ती तारखांची. स्पर्धेचे पंचांग आणि पऱ्याचे पंचांग ही दोन निरनिराळी आहेत.

बंधारा घालण्याची योग्य वेळ म्हणजे परतीचा पाऊस ओसरल्यानंतरचे काही आठवडे, साधारणतः ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर. त्याआधी घातला तर एखाद्या जोरदार सरीने वाहून जातो; जानेवारीत घातला तर अडवायला पाणीच उरलेले नसते. शैक्षणिक वर्षाशी जुळवून आखलेल्या स्पर्धेत पावसाळ्यात प्रस्ताव मागवले, सहामाही परीक्षेनंतर निवड जाहीर केली आणि नाताळाच्या सुमारास अनुदान हाती दिले, तर संघाचे काम सुरू होईपर्यंत पऱ्याची धार बारीक झालेली असते. निवासी शिबिरेही बहुधा डिसेंबर-जानेवारीतच होतात. अशा वेळी विद्यार्थी उत्साहाने काम करतात, पाणी थोडेसे अडतेही; पण ते मोसमातले काम नव्हे.

याहून गंभीर बाब मूल्यमापनाची आहे. वार्षिक परीक्षांपूर्वी निकाल लावायचा म्हणून अंतिम सादरीकरण फेब्रुवारीच्या आसपास ठेवले जाते. त्या वेळी जिल्ह्यातील टंचाईला अद्याप सुरुवातच झालेली नसते. नोव्हेंबरात नीट घातलेला बंधारा आणि निष्काळजीपणे घातलेला बंधारा यांतला फरक मार्चनंतर विहिरीच्या तळाशी दिसू लागतो. परीक्षकांना तो दिसण्याचा संभव नाही, कारण तोवर पारितोषिके वाटून झालेली असतात. टंचाईनिवारणाच्या प्रकल्पाला टंचाईपूर्वी गुण द्यायचे, असा हा प्रकार आहे.

गुण कशाला द्यावयाचे, हे कळत नसले की आकडे पुढे येतात. उदाहरणादाखल सहा मीटर रुंदीच्या पऱ्यावर एक मीटर उंचीचा बंधारा घातला आणि पाण्याचा फुगवटा मागे पन्नास मीटरपर्यंत गेला असे समजू. फुगवट्याची खोली बंधाऱ्यापासून मागे कमी होत जाते, म्हणून रुंदी, उंची व लांबी यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग धरला तर साठा १५० घनमीटर, म्हणजे दीड लाख लिटर होतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी धरलेल्या दरडोई ५५ लिटर या प्रमाणात पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसाला २७५ लिटर लागतात. वीस कुटुंबांच्या वाडीला हा साठा सुमारे सत्तावीस दिवस पुरेल असे गणित मांडता येते. गणित बरोबर आहे, पण त्यावरून काढलेले अनुमान चुकीचे. हा साठा नोव्हेंबरात होतो, वाडीला पाणी लागते ते मे महिन्यात. मधल्या सहा महिन्यांत गोण्यांमधून पाझर होतो, उन्हाने बाष्प होते, गुरे पितात, कोणी भाजीपाला लावतो. बंधाऱ्याचा खरा उपयोग साठ्यापेक्षा वेगळा आहे. पात्रातले पाणी उंच धरून ठेवल्यामुळे काठची विहीर काही आठवडे जास्त काळ पाणी देते. ते किती आठवडे, हे लिटरच्या हिशेबात येत नाही. त्यासाठी विहिरीत दर पंधरवड्याला खुणेचा दोर सोडून पाण्याची पातळी वहीत लिहावी लागते आणि बंधारा नसलेल्या आदल्या वर्षाची नोंदही हाताशी असावी लागते. ज्या संघाची नोंदणी जुलै-ऑगस्टात झाली, त्याच्याकडे आदल्या वर्षीची नोंद कोठून असणार?

'पाणी फाउंडेशन'चा धडा

स्पर्धेची मुदत आणि कामाचा स्वभाव यांचा मेळ घालण्याचा सर्वांत मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला तो 'सत्यमेव जयते वॉटर कप' या नावाने. ही स्पर्धा विद्यार्थ्यांची नव्हे, गावांची होती आणि अवर्षणप्रवण तालुक्यांसाठी असल्यामुळे रत्नागिरी तिच्या कक्षेबाहेर राहिला. तरीही उद्योगसमूहांच्या व न्यासांच्या साहाय्याने चाललेली, गुणांकनावर आधारलेली आणि हजारो महाविद्यालयीन तरुणांना 'जलमित्र' म्हणून श्रमदानाला आणणारी स्पर्धा म्हणून तिचा विचार येथे आवश्यक आहे.

अभिनेते आमीर खान व त्यांचे सहकारी यांनी स्थापन केलेल्या आणि सत्यजित भटकळ यांच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या पाणी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत ही स्पर्धा घेतली. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळू, २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यातील काकडदरा, २०१८ मध्ये माण तालुक्यातील टाकेवाडी आणि २०१९ मध्ये बार्शी तालुक्यातील सुर्डी ही गावे प्रथम आली. स्पर्धेच्या रचनेत दोन गोष्टी विशेष होत्या. एक म्हणजे काम सुरू होण्यापूर्वी गावातल्या निवडक स्त्री-पुरुषांना पाणलोटाचे निवासी प्रशिक्षण घ्यावे लागे. त्याशिवाय गाव उतरू शकत नसे. दुसरी म्हणजे स्पर्धेचे पंचेचाळीस दिवस उन्हाळ्यात, पावसाळ्याच्या तोंडावर येत. समतल चर, शेततळी, बांध ही मातीची कामे पावसापूर्वीच व्हावी लागतात, म्हणून मुदत कामाच्या मोसमावरून ठरली होती.

असे असूनही पंचेचाळीस दिवसांची मर्यादा होतीच. चर किती खोदले हे पंचेचाळीस दिवसांत मोजता येते. अडलेले पाणी कोणी, कोणत्या पिकाला आणि किती वापरले, हे त्या अवधीत मोजता येत नाही. पाणी आले की ऊस येतो, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. उल्लेखनीय गोष्ट अशी की, चार वर्षांनंतर संस्थेने ती स्पर्धा तशीच पुढे चालू ठेवली नाही. २०२० मध्ये दीड वर्षाच्या मुदतीची 'समृद्ध गाव स्पर्धा' आली आणि २०२२ पासून शेतकरी गटांसाठी संपूर्ण हंगामभर चालणारा 'फार्मर कप' सुरू झाला. मुदत कामाच्या मागे गेली, काम मुदतीच्या मागे नव्हे.

शासनाच्या पुरस्कार योजनांतही याची उलट बाजू दिसून आली आहे. हागणदारीमुक्त ग्रामपंचायतींना २००५ पासून देण्यात आलेल्या निर्मल ग्राम पुरस्काराबाबत नंतर झालेल्या पाहण्यांत अनेक पुरस्कारप्राप्त गावांतील शौचालयांचा वापर घसरल्याचे आढळले. पुरस्काराच्या दिवशी गाव निर्मल होते, यात खोटे काही नव्हते. दिवसच एक होता.

पुरस्कर्त्याची बाजू

उद्योगसमूह अशा स्पर्धांना पैसा का देतात, याचे उत्तर केवळ प्रसिद्धीत शोधणे अन्यायाचे होईल. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वासाठी खर्च करणे १ एप्रिल २०१४ पासून अपेक्षित आहे. कंपनी ज्या परिसरात काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही हे कलम सांगते. रत्नागिरी जिल्ह्यात रनपार, जयगड आणि लोटे-परशुराम येथे मोठे उद्योग आहेत. तेव्हा हा विषय जिल्ह्याला परका नाही.

याच कायद्याच्या अंमलबजावणीत एक फारशी परिचित नसलेली तरतूद आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाने १८ जून २०१४ रोजी काढलेल्या परिपत्रकात मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात, दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे प्रायोजकत्व यांसारख्या एकवेळच्या कार्यक्रमांवरील खर्च सामाजिक उत्तरदायित्वाचा खर्च म्हणून धरला जाणार नाही, असे स्पष्ट केले. ते परिपत्रक पुढे २०२१ मधील नव्या स्पष्टीकरणांत विलीन झाले. परंतु त्याच वर्षीच्या सुधारित नियमांनी कंपनीच्या उत्पादनांना वा सेवांना विक्रीच्या दृष्टीने लाभ व्हावा म्हणून केलेले प्रायोजकत्व व्याख्येतूनच वगळले. त्याबरोबर 'चालू प्रकल्प' ही संकल्पना नियमांत आली. प्रकल्प ज्या आर्थिक वर्षात सुरू झाला ते वर्ष सोडून पुढील तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो आणि त्यासाठीचा अखर्चित निधी विहित खात्यात ठेवता येतो.

याचा अर्थ असा की, कायद्याची दिशा समारंभाकडून प्रकल्पाकडे आहे. एका वर्षात संपणारी स्पर्धा ही कायद्याने लादलेली मर्यादा नव्हे. ती परीक्षेच्या वेळापत्रकातून आणि कंपनीच्या वार्षिक अहवालाच्या सवयीतून आलेली आहे. पारितोषिकाची निम्मी रक्कम काम पूर्ण झाल्यावर आणि उरलेली दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यातील पाहणीनंतर द्यावयाची ठरवली, तर नियमांच्या चौकटीतच तशी आखणी करता येण्याजोगी आहे. अशा पाहणीत परीक्षकांच्या शेजारी वाडीतली पाणी भरणारी बाई बसली पाहिजे. विहिरीला कधी खरवड लागली, हंडा भरायला किती वेळ थांबावे लागले, याची तिच्याइतकी पक्की माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. सादरीकरण इंग्रजीत आणि पडद्यावरच्या चित्रांनी करावयाचे असेल, तर ज्या विद्यार्थ्याला पऱ्या कुठे आटतो हे ठाऊक आहे तो मागे राहतो आणि ज्याला बोलता येते तो पुढे होतो. दोघेही एकाच संघात असले तरी पारितोषिक कोणत्या गुणाला मिळाले, हे संघाला कळतेच.

वाडीत कोण उरते

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची घटली. कामाच्या वयाचा पुरुष मुंबईला आणि घरी वयस्कर माणसे, ही कोकणाची जुनी स्थिती आहे. गणपती आणि शिमगा यांना चाकरमानी येतात, वाडी भरते आणि पुन्हा रिकामी होते. वनराई बंधारा दर पावसाळ्यात वाहून जाण्यासाठीच असतो आणि दर वर्षी नव्याने घालावा लागतो. पहिल्या वर्षी विद्यार्थी आले. दुसऱ्या वर्षी गोण्या कोणी भरावयाच्या, हा प्रश्न स्पर्धेच्या अर्जात विचारला जात नाही.

रत्नागिरीच्या महाविद्यालयांना मात्र येथे एक अनुकूलता आहे, जी महानगरातील संघांना नाही. येथील विद्यार्थी बहुतांशी याच वाड्यांतून एस. टी.ने येणारा आहे. मुंबईचा संघ गावात पाहुणा म्हणून येतो. संगमेश्वर किंवा लांज्याच्या मुलीला तीच विहीर घरची असते. मे महिन्याच्या सुटीत महाविद्यालय बंद असते तेव्हा ती वाडीतच असते, म्हणजे टंचाईच्या ऐन दिवसांत निरीक्षक जागेवर असतो. पातळीची वही तिच्याकडे राहिली आणि पदवी घेऊन ती बाहेर पडताना त्याच वाडीतील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याकडे गेली, तर तीन वर्षांचा अभ्यास विनासायास उभा राहतो. दहा ते सतरा वयोगटासाठी १९९३ पासून देशभर होत असलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत स्थानिक प्रश्नाच्या निरीक्षणाला जे महत्त्व दिले जाते, त्याचाच हा पुढचा टप्पा ठरेल.

अशा वहीत एक नोंद असावयास हवी, जी प्रकल्प-अहवालांत सहसा नसते. सिमेंटच्या गोण्या पूर्वी तागाच्या असत, आता त्या विणलेल्या प्लास्टिकच्या असतात. सहा महिने उन्हात राहिल्या की त्यांचे धागे सुटतात आणि मृगाच्या पहिल्या पाण्याबरोबर पऱ्यातून खाडीकडे जातात. बंधारा घालणे हे नोव्हेंबरातले काम. त्याच्या गोण्या मोकळ्या करून, झटकून, वाळवून गोठ्याच्या माळ्यावर ठेवणे हे मे महिन्याच्या अखेरचे काम. त्या दिवशी शिबिर नसते, पाहुणे नसतात आणि चार माणसे दोन तासांत ते उरकू शकतात. चांगल्या राहिलेल्या गोण्या पुढच्या नोव्हेंबरात उपयोगी पडतात.